धुक्यातील एकावन्न

६ जानेवारी १९६८, तीन राजांच्या सणाचा दिवस. दक्षिण व्हिएतनाममधील चू लाय परिसरातील एक दरी दाट धुक्याने बुजून गेली होती आणि तिच्यात दक्षिण व्हिएतनामी सैन्याचे दोन जवान घायाळ होऊन पडले होते. सभोवार शत्रूचा पहारा होता. अमेरिकन सेनेतील मेजर पॅट्रिक ब्रेडी यांनी त्यांना आणण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले.

ब्रेडी यांचे हेलिकॉप्टर म्हणजे हवाई रुग्णवाहिका. तिच्यावर लाल क्रॉस असे, पण मशीनगन नसे. धुक्यात शिरताना त्यांनी वेगावर भरवसा ठेवला नाही. दरीतील पायवाटेच्या वरून ते अगदी संथपणे निघाले आणि हेलिकॉप्टर आडवे वळवून बाजूबाजूने पुढे सरकवू लागले. पात्यांच्या झोताने धुके किंचित फाके; शिवाय बाजूच्या खिडकीतून पात्याचे टोक आणि खालच्या झाडाचा शेंडा एवढ्या दोन खुणा दिसत. तेवढ्यावरच तोल सांभाळायचा! ही युक्ती त्यांना आधीच्या एका खेपेत गवसली होती. मात्र इतक्या हळू जाणारे यंत्र बंदुकीच्या टप्प्यात आयतेच सापडते. गोळ्या जवळून येत होत्या, तरी त्या चिंचोळ्या जागी उतरून त्यांनी दोघांनाही उचलले.

पुढचे घायाळ अमेरिकन होते, शत्रूपासून अवघ्या ५० मीटरवर. तेथे दोन हेलिकॉप्टरे आधीच पाडली गेली होती. ब्रेडी तेथे चार वेळा गेले. तिसऱ्या ठिकाणी उतरताना हेलिकॉप्टरची नियंत्रणे गोळ्यांनी अर्धवट निकामी झाली, तरी काही मिनिटांतच ते राहिलेल्यांसाठी परतले. नंतर नवे हेलिकॉप्टर घेऊन ते सुरुंगांच्या शेतात उतरले. जवळच एक सुरुंग फुटला, दोन सहकारी जखमी झाले. पण सहा रुग्ण घेऊनच ते उडाले. दिवसभरात हेलिकॉप्टरे तीन लागली, माणसे वाचली एकावन्न.

या धैर्याला एक गुरू होता. १९६४ साली ब्रेडी यांच्या तुकडीचे प्रमुख मेजर चार्ल्स केली होते. रुग्णवाहिका-हेलिकॉप्टरे इतर लष्करी कामांसही वापरावीत, असा वरिष्ठांचा आग्रह होता आणि केली त्याला निकराने विरोध करीत. १ जुलै १९६४ रोजी विन्ह लाँगजवळ गोळीबार सुरू होताच जमिनीवरून त्यांना निघून जाण्यास सांगण्यात आले. तुमचे घायाळ हाती आल्यावर निघेन, असे त्यांचे उत्तर होते. त्याच जागी गोळी लागून त्यांचा अंत झाला. पुढे त्यांचे ते उत्तर या दलाचा अलिखित नियमच बनले.

ब्रेडी यांचे शिक्षण सिएटलमधील कॅथलिक संस्थांत झाले, आधी ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत, मग येशूसंघीयांच्या विद्यापीठात. गंमत अशी की तेथील सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाचा त्यांना इतका तिटकारा होता की त्यातून त्यांना काढून टाकण्यात आले! सक्तीची भरती टळणार नाही, मग अधिकारी म्हणून गेलेले बरे, या हिशेबाने ते पुन्हा त्या वाटेला लागले.

१९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हस्ते त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च पदक मिळाले. ते युद्ध न्याय्य होते की नाही, यावर अमेरिकेतही तीव्र मतभेद झाले. ब्रेडी यांनी दोन मुदतींत युद्धभूमीवरून आणलेल्या पाच हजारांहून अधिक घायाळांत अमेरिकन होते, व्हिएतनामी होते आणि शत्रूसैनिकही होते.