निवडीचे गणित आणि आचार्य महावीर

मनुष्याच्या व्यवहारात निवडीचा प्रसंग पदोपदी येतो. समोर असलेल्या वस्तूंपैकी काही घ्यावयाच्या असतील, तर अशा वेगवेगळ्या निवडी एकंदर किती संभवतात, हा प्रश्न आज विद्यार्थी ‘कॉम्बिनेशन’ या नावाने शिकतात. आपल्या पूर्वसूरींनी त्यास ‘विकल्प’ व ‘भंग’ अशी नावे दिली होती. स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत विकल्पाची गणना केली जाते. भगवतीसूत्रात तर एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घटक एकत्र घेऊन होणाऱ्या संयोगांची मोजणी विस्ताराने आली आहे.

धर्मचिंतनात या मोजणीची आवश्यकता का भासली? एखाद्या विषयाचा सर्व बाजूंनी विचार करावयाचा, तर एकही बाजू सुटता कामा नये आणि एकही दोनदा येता कामा नये. सप्तभंगीचेच उदाहरण घेऊ. अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य ही तीन मूळ पदे. एकेकटी घेतल्यास तीन भंग, दोन-दोन घेतल्यास तीन आणि तिन्ही एकत्र घेतल्यास एक, एकूण सात. भंग सातच का, सहा किंवा आठ का नाहीत, याचे उत्तर असे गणितातच आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञालाही १९५७ साली स्याद्वादावर लेख लिहावासा वाटला, हे येथे स्मरणीय आहे.

तीन पदांचे भंग बोटांवर मोजता येतात. पदे वाढली की बोटे अपुरी पडतात आणि नियमाची गरज लागते. हा सर्वसाधारण नियम इ. स. ८५०च्या सुमारास आचार्य महावीर यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात दिला. (हे भगवान महावीर नव्हेत, त्यांच्यानंतर तेराशेहून अधिक वर्षांनी झालेले गणितज्ञ होत.) ग्रंथारंभी त्यांनी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाचा गौरव केला आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. आपल्या नाशिक परिसराचाही या घराण्याशी संबंध होता. अमोघवर्षाचा पिता गोविंद तिसरा याचा ताम्रपट दिंडोरी तालुक्यातील वणी येथे मिळाला आहे.

आचार्यांचा नियम व्यापाऱ्यास समजेल अशा भाषेत सांगतो. दुकानात दहा रंगांचे तागे आहेत आणि गिऱ्हाइकास त्यांतील कोणतेही तीन रंग हवे आहेत. पहिला रंग दहा प्रकारे, दुसरा उरलेल्या नऊ प्रकारे व तिसरा आठ प्रकारे निवडता येईल. गुणाकार ७२० झाला. परंतु लाल, पिवळा, हिरवा काय किंवा हिरवा, लाल, पिवळा काय, गाठोडे एकच! प्रत्येक त्रिकूट क्रम बदलून सहा वेळा मोजले गेले आहे. म्हणून ७२० ला एक, दोन, तीन यांच्या गुणाकाराने, म्हणजे सहाने भागावे, उत्तर १२०. आचार्यांनीही असेच सांगितले आहे. एका ओळीत चढते व दुसरीत उतरते अंक मांडावेत आणि उतरत्या अंकांच्या गुणाकाराला चढत्या अंकांच्या गुणाकाराने भागावे.

त्यांची उदाहरणेही रसाळ आहेत. हिरा, नीलमणी, पाचू, पोवळे व मोती या पाच रत्नांपासून किती प्रकारचे हार होतील? ५, १०, १०, ५ व १ मिळून ३१. सहा रसांचे संयोग किती? ६, १५, २०, १५, ६ व १ मिळून ६३. हा ६३चा आकडा आयुर्वेदात चरक-सुश्रुतांनाही ठाऊक होता.

येथे एक गोष्ट नम्रपणे नमूद करावीशी वाटते. उत्सवप्रसंगी ‘जगात सर्वप्रथम आम्हीच’ असे म्हणण्याचा मोह होतो. श्रीधराचार्यांच्या ‘पाटीगणित’ या ग्रंथातही असा नियम आढळतो आणि त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. म्हणून पहिलेपणाचा आग्रह नको. युरोपात पियर एरिगोन याने हा सर्वसाधारण नियम १६३४ साली प्रसिद्ध केला, त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधी तो आपल्याकडे लिहिला गेला होता, एवढे सत्य पुरेसे आहे. इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हाच विषय पुढे नेला. त्यांच्या कुळाची माहिती देणारा शिलालेख आपल्या शेजारच्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

‘गणितसारसंग्रह’ १९१२ साली मद्रास येथे प्रा. रंगाचार्य यांनी इंग्रजी अनुवादासह प्रकाशित केला. पुढे १९६३ साली प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढला. म्हणजे हे ज्ञान आपल्या महाराष्ट्रातून पुन्हा समाजापुढे आले. तथापि, सप्तभंगी मुखोद्गत असणाऱ्या किती घरांत या ग्रंथाचे नाव माहीत आहे? आणि अकरावीत हे सूत्र पाठ करणाऱ्या किती मुलांना आचार्य महावीर कोण हे ठाऊक आहे? एकाच ज्ञानाचे हे दोन तुकडे वेगळे पडले आहेत. ग्रंथभांडारात पोथ्या जपून ठेवणे हे पुण्यकार्य खरेच. परंतु पोथीतील एक उदाहरण मुलाला शेजारी बसवून सोडवून दाखविणे, हेही त्याच तोलाचे कार्य आहे. पाच रत्नांच्या हारापासून प्रारंभ करावा. त्यास कागद, पेन्सिल आणि अर्धा तास एवढेच भांडवल लागते.