जमिनीकडे गेलेला हात

मुद्रेचा अर्थ केवळ बोटांच्या रचनेत शोधणाऱ्या शिल्पपंडितांशी माझा वाद आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील मारविजयाचे शिल्प पाहा. बुद्धाच्या उजव्या हाताची बोटे भूमीकडे वळली आहेत. ही भूमिस्पर्शमुद्रा. 'या आसनावर तुझा हक्क कोणता?' असे माराने विचारले. देव तर आधीच पळाले होते, अशी कथा आहे. बुद्धाने भूमीलाच साक्षीला बोलावले. आमच्या आज्या-पणज्यांचा हातही मातीकडे जाई, पण तो पाटलापुढे कमरेत वाकून, जोहार घालताना. तिथे साक्ष कुणाची आणि हक्क कसला? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्रिसरण म्हणताना जे हात जुळले, त्यांत जोहार टाकून आलेले कितीतरी हात होते.