वाऱ्याने जोडलेला शेजार

सिंट युस्टेशियस या डच बेटावर एका तरुण खलाशाने तीन पेन्सांना एक काचेचा पेला विकत घेतला. गलबत माँटसेराटला परतलं तेव्हा तो पेला सहा पेन्सांना विकला गेला. पुढच्या फेरीला त्याने दोन पेले आणले, त्याच्या पुढच्या फेरीला चार. या खलाशाचं नाव ओलाउडा इक्वियानो. तो स्वतःच रॉबर्ट किंग नावाच्या व्यापाऱ्याच्या मालकीचा गुलाम होता. त्याच्याच सांगण्याप्रमाणे आफ्रिकेतून पकडून आणलेला हा माणूस कॅरिबियन समुद्रात या बेटावरून त्या बेटावर माल नेणाऱ्या एका डोलकाठीच्या गलबतांवर राबत होता. फेरीगणिक पै-पै जोडत त्याने १७६६ च्या जुलै महिन्यात चाळीस पौंड मोजले आणि स्वतःलाच विकत घेतलं.

१७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात सांताक्रूझ बेटावरचा एक प्रसंग आहे. तो आणि त्याचा एक वयस्क सोबती लिंबं-संत्र्यांच्या पिशव्या घेऊन विकायला उतरले. दोन गोऱ्यांनी त्या हिसकावून घेतल्या. विनवण्या करकरून इक्वियानोच्या पिशव्या परत मिळाल्या, सोबत्याची मात्र मिळाली नाही. म्हातारा रडू लागला. तेव्हा इक्वियानोने आपल्या फळांतला जवळपास तिसरा हिस्सा त्याच्या पदरात घातला.

कॅरिबियनमध्ये शिडाच्या होडीतून बेटं फिरणं म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते पांढरीशुभ्र यॉट, निळं पाणी आणि सुट्टीवर आलेली मंडळी. हे चित्र खोटं नाही. पण ज्या वाटांनी या यॉटी जातात त्या वाटा सुट्टीसाठी पडलेल्या नाहीत. त्या मालवाहू खलाशांनी, तस्करांनी, कोळ्यांनी आणि इक्वियानोसारख्या गुलामांनी पाडल्या. पाहुण्यांचा इतिहास या माणसांच्या इतिहासावर उभा आहे, आणि तो त्याच क्रमाने सांगायला हवा.

सुरुवात वाऱ्यापासून. इथे व्यापारी वारे पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतात. डिसेंबर ते मे ते इतके नेमाने येतात की खलाशी त्यांच्यावर पंचांगासारखा भरवसा ठेवतात. पंधरा ते वीस नॉट हा नेहमीचा वेग, नाताळच्या सुमारास त्याहून जोर. अँटिग्वापासून ग्रेनडापर्यंतची बेटं साधारण उत्तर-दक्षिण अशी धनुष्यासारखी पसरलेली आहेत आणि वारा त्यांना आडवा येतो. त्यामुळे उत्तरेकडे जा की दक्षिणेकडे, वारा बहुतेक वेळ होडीच्या कुशीवरच लागतो. शिडाच्या होडीला याहून सोयीचं काय असतं? जाताना ज्या वाऱ्याने नेलं, तोच येताना घरी आणतो. या एका गोष्टीने ही बेटं एकमेकांची शेजारी झाली.

पण हा शेजार सोपा नाही. सेंट व्हिन्सेंटच्या उत्तर टोकाला ला सूफ्रिएर हा १,२३४ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या आडोशाने जाताना वारा पडतो. शिडं लुळी पडतात, डोलकाठी नुसती डोलत राहते, स्वयंपाकाच्या ओट्यावर चहाचा कप निवांत उभा असतो. नवखा माणूस इथे फसतो. जाणता खलाशी याच शांततेत शीड आखूड करून घेतो, खिडक्या घट्ट लावतो आणि कप धुऊन जागेवर ठेवतो. कारण डोंगराचं टोक ओलांडलं की खुला अटलांटिक अंगावर येतो. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीत वारा दाटून जोर धरतो, लाटा उंच होतात आणि प्रवाह होडीला पश्चिमेकडे ढकलू लागतो. समोरचं सेंट लुसिया वीस-पंचवीस मैलांवर स्पष्ट दिसत असतं. पण नाळ त्याच्या रोखाने धरली तर होडी भलतीकडेच पोहोचते. नाळ पूर्वेला, वाऱ्याच्या अंगाला राखून ठेवावी लागते. हे शहाणपण पुस्तकांत फार उशिरा आलं. त्याआधी ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत होतं.

हे पाणी आधी ओळखलं ते इथल्या मूळ रहिवाशांनी. कालिनागो लोक गोमिए नावाच्या झाडाचं अजस्र खोड कोरून, त्यात पाणी आणि दगड भरून, विस्तवाची धग देऊन ते रुंदावत आणि वर फळ्या चढवून समुद्रावर जाण्याजोगी होडी करत. कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीत ३ नोव्हेंबर १४९३ रोजी डॉमिनिकापाशी पोहोचला, तोवर ही बेटं अशा होड्यांनी कधीच जोडली गेली होती. ‘कनू’ आणि ‘हरिकेन’ हे दोन्ही शब्द युरोपीय भाषांनी याच समुद्रातल्या ताइनो लोकांकडून उचलले. डॉमिनिकात कालिनागोंची वस्ती आजही आहे. १९९७ मध्ये तिथे जुन्या पद्धतीने घडवलेली ‘ग्ली ग्ली’ ही होडी बेटाबेटाला लागत थेट दक्षिण अमेरिकेतल्या गयानापर्यंत आपल्या आप्तांना भेटायला गेली.

त्यानंतर आला ऊस, आणि उसाबरोबर आली गुलामगिरी आणि आरमारं. अँटिग्वाच्या इंग्लिश हार्बरमध्ये ब्रिटिशांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोदी बांधायला घेतली. चहूबाजूंनी टेकड्या आणि आत शिरायची वाट अरुंद व वाकडी, म्हणून वादळात जहाजं सुखरूप राहत. त्या गोदीचे दगड रचले ते गुलाम आफ्रिकनांनी. १७८४ ते १७८७ या काळात होरेशियो नेल्सन ‘बोरियस’ या जहाजाचा कप्तान म्हणून इथे होता. अमेरिकी जहाजांशी चालणारा व्यापार त्याने कायद्यावर बोट ठेवून अडवला, त्यामुळे बेटांवरचे मळेवाले आणि व्यापारी त्याच्यावर खार खाऊन असत. तरीही पुढे गोदीला नाव मिळालं ते नेल्सनचंच. १८८९ मध्ये आरमाराने ती सोडली. छपरं कोसळली, धक्क्यावर झुडपं माजली.

इंग्लिश हार्बर ओसाड पडलं, पण समुद्र ओसाड पडला नव्हता. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये खरीखुरी मुक्ती मिळाली. ग्रेनडाच्या उत्तरेला कॅरियाकू नावाचं जेमतेम चौतीस चौरस किलोमीटरचं बेट आहे. नदी नाही, पाऊस बेताचा. मळ्यांचे दिवस सरल्यावर पोटासाठी माणसं समुद्राकडे वळली. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या विंडवर्ड या गावात स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांची होड्या बांधण्याची विद्या आफ्रिकी वंशाच्या हातांशी मिसळली. तिथे घडलेली गलबतं गुरं, मेंढ्या, मासे आणि प्रवासी घेऊन त्रिनिदादपर्यंत जात. सेंट बार्थेलेमीच्या करमुक्त बंदरातून व्हिस्की आणि सिगारेटी भरून रात्रीच्या अंधारात परतणारी गलबतंही होती. चोरटा माल वाहणाऱ्याला होडी वेगवान लागते, आणि या गरजेने कॅरियाकूच्या सुतारांचा हात आणखी तयार केला, असं म्हणायला जागा आहे.

ही गलबतं कागदावरच्या आराखड्याशिवाय बांधली जातात. गयानातून येणाऱ्या ग्रीनहार्ट लाकडाचा कणा किनाऱ्यावरच माडांच्या सावलीत मांडतात. फासळ्या मात्र पांढऱ्या सीडरच्या. सुतार रानात जातो तो सरळ झाडं शोधायला नाही, वाकडी शोधायला. ज्या फांदीला जन्मतःच फासळीचा बाक आहे तीच तो निवडतो. सरळ लाकूड कापून बाक काढला तर धागे तुटतात आणि फासळी कच्ची राहते. झाडानेच दिलेला बाक लाटेचा मार सोसतो. फांदीकडे बघून ती होडीत कुठे बसेल हे ओळखणारी नजर हीच या धंद्याची खरी पुंजी आहे, आणि ती मुलांना बापाबरोबर रानात हिंडूनच येते.

सेंट व्हिन्सेंटजवळच्या बेक्वियाची गोष्ट याच्याच शेजारची. १८७० च्या दशकात विल्यम वॉलेस अमेरिकी व्हेलमाऱ्यांकडून त्यांची विद्या शिकून आला आणि बेटावर व्हेलच्या शिकारीचा धंदा सुरू झाला. वल्ही आणि शिडं लावून, हातातल्या भाल्याने केलेली शिकार. व्हेलच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने वर्षाला चार व्हेलची मुभा देऊन ती आजही चालू ठेवली आहे. तिच्याविषयी मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण त्या शिकारीसाठी घडलेल्या टोकदार, हलक्या होड्यांइतकी देखणी होडी या समुद्रात दुसरी सापडणं कठीण.

याच पाण्यात १९११ मध्ये फ्रेडरिक फेंगर नावाचा एक अमेरिकी तरुण सतरा फुटांची, शीड लावलेली कनू घेऊन उतरला. तिचं नाव ‘याकाबू’. ग्रेनडापासून तो एकट्याने उत्तरेकडे निघाला आणि व्हर्जिन बेटांपर्यंत गेला. वाटेत तो ईल द काय बेटावरच्या व्हेलमाऱ्यांच्या तळावर राहिला, त्यांच्याबरोबर समुद्रात गेला. १९१७ मध्ये त्याने या सफरीवर पुस्तक लिहिलं. केवळ हौसेसाठी ही बेटं शिडावर फिरणाऱ्यांमध्ये त्याचं नाव अगदी सुरुवातीचं. त्याच्या वाटेवरच्या समुद्राच्या तळाशी एक ज्वालामुखी होता आणि तेव्हा तो कोणालाच ठाऊक नव्हता. ‘किक एम जेनी’ या नावाने ओळखला जाणारा हा ज्वालामुखी १९३९ मध्ये समुद्रातून उसळला तेव्हा जगाला कळला. आज ग्रेनडाहून कॅरियाकूला जाणारा प्रत्येक खलाशी निघण्याआधी त्याचा धोक्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे ते बघतो.

मग १९४९ च्या जानेवारीत ‘मॉलिहॉक’ नावाचं स्कूनर इंग्लिश हार्बरमध्ये शिरलं. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले कमांडर व्हर्नन निकल्सन, त्यांची पत्नी आणि दोन मुलगे अटलांटिक ओलांडून आले होते. पुढे ऑस्ट्रेलियाला जायचा बेत होता. त्यांनी पडक्या गोदीतच बिऱ्हाड केलं. बेटावर सुट्टीला आलेल्या काही श्रीमंत अमेरिकनांनी विचारलं, तुमच्या स्कूनरवरून आम्हांला फिरवाल का? निकल्सन कुटुंबाने फिरवलं. त्यातूनच या बेटांमधला भाड्याच्या यॉटींचा धंदा उभा राहिला. ऑस्ट्रेलिया राहूनच गेलं. १९५१ मध्ये गोदी वाचवण्यासाठी मंडळ स्थापन झालं, १९६१ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा खुली झाली आणि २०१६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. तो मान देताना गुलाम आफ्रिकनांच्या श्रमांचीही नोंद झाली, हे महत्त्वाचं.

पुढचा पसारा झपाट्याने वाढला. डॉन स्ट्रीट या खलाशाने आपल्या ‘इओलेअर’ या १९०५ साली बांधलेल्या जुन्या यॉटमधून इंजिनाशिवाय खाड्या-खडक धुंडाळले आणि १९६६ मध्ये मार्गदर्शक पुस्तक काढलं. पाठोपाठ नकाशेही आले. १९६९ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर सहा यॉटी घेऊन एक कंपनी सुरू झाली. तिथे कप्तानाशिवाय नुसती होडी भाड्याने मिळे, चालवायची आपण. १९८६ मध्ये कॅनरी बेटांवरून २०४ यॉटी एकत्र अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला आल्या. १९९० पासून हा तांडा दरवर्षी सेंट लुसियाला येतो. सुमारे २,७०० सागरी मैलांची ती वाट. एकट्याने निघायची छाती होत नाही अशी अनेक कुटुंबं या सोबतीच्या भरवशावर निघतात.

ही सोबत बेटांपाशी आल्यावर संपत नाही. ग्रेनडात सकाळी साडेसातला रेडिओवर नांगरलेल्या यॉटींची बैठक भरते. हवामान काय, कोणाला कोणता सुटा भाग हवा, कोण आजारी आहे, बाजाराला गाडी किती वाजता निघणार. पण सोबत असली तरी वादळ चुकत नाही. २००४ च्या ७ सप्टेंबरला आयव्हन वादळाने ग्रेनडा उद्ध्वस्त केलं. इथवर वादळ येत नाही या समजुतीने शेकडो यॉटी तिथे मुक्कामाला होत्या. त्यानंतर ती समजूत कोणी धरत नाही.

यॉटी वाढत होत्या तेव्हा मालवाहू शिडं मावळत होती. १९६० च्या दशकात इंजिनाची जहाजं आली आणि कॅरियाकूच्या सुतारांना काम उरेना. अशा वेळी जमैकात जन्मलेले होड्यांचे जाणकार लिंटन रिग यांनी १९६५ च्या ऑगस्टमध्ये तिथे शर्यत भरवली. कामाच्या गलबतांचीच शर्यत, बक्षिसं रोख. सुतारांनी पुन्हा कणे मांडले. बेक्वियात १९६९ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘फ्रेंडशिप रोझ’ हे स्कूनर नऊ मैलांवरच्या, सेंट व्हिन्सेंटवरच्या किंग्जटाउनला टपाल आणि माणसं नेत असे. मोठी फेरीबोट आल्यावर ते पाहुण्यांना बेटं दाखवू लागलं आणि तरलं. सगळ्यांच्या नशिबी असं तरणं नव्हतं. विंडवर्डमधले सुतार ॲल्विन इनो आणि त्यांच्या मुलांनी एक अखेरचं मोठं गलबत बांधलं, त्यावर २०१५ मध्ये ‘व्हॅनिशिंग सेल’ हा माहितीपट निघाला. २०२३ मध्ये कॅरियाकू आणि शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटाच्या या कारागिरीची युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. त्यानंतर सात महिने होतात न होतात तोच, १ जुलै २०२४ रोजी, बेरिल वादळ प्रचंड वाऱ्यानिशी थेट कॅरियाकूवर धडकलं. बेटावर धड उभं असं घर शोधावं लागत होतं. बेटावरच्याच टिरेल बे या खाडीच्या खारफुटीत पिढ्यान्‌पिढ्या आसरा घेत आलेल्या होड्यांचाही तिथे चुराडा झाला.

कॅरियाकूत गलबत पाण्यात ढकलायचा दिवस हा अख्ख्या गावाचा दिवस असतो. मेंढा कापून रक्त फळ्यांवर शिंपडतात, पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, आणि तोवर झाकून ठेवलेलं नाव झेंडा ओढून उघडं करतात. मोठ्या हंड्यांत भात आणि मक्याच्या पिठाचं कुकू शिजत असतं. मग कुऱ्हाडवाले पुढे होतात. गलबत ज्या टेकूंवर उभं आहे त्या टेकूंच्या बुडाला एकाच वेळी, म्होरक्याच्या हाकेसरशी घाव घालायचे असतात. एकाने घाई केली तर महिनोन्‌महिन्यांचं काम फुटेल. टेकू हळूहळू आखूड होत जातात, गलबत इंचाइंचाने एका कुशीवर कलतं आणि खाली मांडलेल्या ओंडक्यांवर अलगद टेकतं. समुद्रात टाकलेल्या नांगराला कप्पी बांधलेली असते, तिच्यातून आलेला दोर किनाऱ्यावर पसरलेला असतो. बायका, पोरं, म्हातारे, शेजारच्या बेटांवरून आलेले सुतार, खाडीत नांगरलेल्या यॉटींवरचे परदेशी खलाशी, सगळे तो दोर हातात घेतात. कोणीतरी गाण्याचा पहिला सूर उचलतो आणि ओढायला सुरुवात होते.