कोंक गांवचा ठेवा

फ्रान्सच्या दक्षिण भागांत, रुएर्ग नांवाच्या जुन्या प्रांतांत, कोंक हें एक लहानसें खेडें आहे. पठारावरून पायीं येणारा वाटसरू चेस्टनटच्या रानांतून खालीं उतरूं लागला म्हणजे एका वळणावर डोंगरउतारास बिलगलेलीं, पातळ दगडी फरशांनीं शाकारलेलीं घरें त्याच्या दृष्टीस पडतात. आणि त्या घरांच्या मधोमध एका भव्य मंदिराचे मनोरे उभे दिसतात. कोंक म्हणजे शिंपला; खोऱ्याच्या आकारावरून हें नांव पडलें असें सांगतात. गांवची सारी वस्ती मुंबईच्या एखाद्या मोठ्या चाळींत सहज मावेल.

एवढ्याशा आडगांवीं एवढें मोठें देवालय कसें, हा प्रश्न येथें येणाऱ्या प्रत्येकास पडतो. त्याचें उत्तर थोडें अडचणीचें आहे. हें सारें वैभव एका चोरीवर उभें आहे!

नवव्या शतकाच्या आरंभीं येथें ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता. राजाश्रय होता, जमीनजुमला होता. परंतु त्या काळीं यात्रेकरू येत ते संतांच्या अस्थींच्या दर्शनास, आणि मठापाशीं नांव घेण्याजोग्या अस्थि नव्हत्या. दूर आजाँ शहरीं मात्र सेंत फ्वा या बालसंतेची समाधि होती. रोमन बादशहा डायोक्लीशन याच्या कारकीर्दींत, इ. स. ३०३ च्या सुमारास, रोमन देवतांपुढें बळी देण्याचें नाकारल्यामुळें या बारा वर्षांच्या मुलीचा शिरच्छेद झाला, अशी कथा आहे. कोंकच्या मठांतून एक साधु आजाँस गेला, तेथें कित्येक वर्षें सचोटीनें राहिला, सर्वांचा विश्वास संपादून समाधीचा रक्षक झाला, आणि एके रात्रीं अस्थि घेऊन पसार झाला. हें ८६६ च्या सुमाराचें वर्तमान. पुढें मठाच्या लेखकांनीं तें विस्तारानें लिहून ठेवलें. मात्र त्याचें नांव त्यांनीं चोरी न ठेवतां 'स्थलांतर' असें ठेवलें. संतेचीच इच्छा नसती तर ती येती कशाला, हा त्या काळचा युक्तिवाद! आजाँच्या लोकांस तो कितपत पटला असेल, हें सांगावयास नको.

अस्थि आल्या आणि त्यांच्यामागोमाग माणसें आलीं. लांकडावर सोन्याचा पत्रा मढवून संतेची एक आसनस्थ मूर्ति घडविण्यांत आली. उंची अवघी ८५ सेंटिमीटर; परंतु भक्तांनीं वाहिलेल्या रत्नांनीं ती नखशिखांत भरली आहे. त्या रत्नांत रोमन कारागिरांनीं कोरलेले जुने खडेहि आहेत. विशेष हें कीं, मूर्तीचें सोन्याचें मस्तक मूळचें रोमन काळांतील असून तें एखाद्या बादशहाचें असावें, असें जाणते म्हणतात. जिनें रोमन दैवतांपुढें मान लवविली नाहीं तिच्याच खांद्यांवर रोमन मस्तक यावें, ही काळाची थट्टाच म्हणावयाची.

१०१३ सालीं आंजे येथील बेर्नार नांवाचा एक विद्वान शिक्षक येथें आला. मूर्तिपूजेचा त्याला तिटकारा. ही मूर्ति पाहून त्यानें ज्युपिटर अथवा मार्सच्या पुतळ्याची आठवण काढली व सोबत्यापाशीं थट्टा केली. पुढें मात्र तोच वरमला आणि सेंत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिण्यास त्यानेंच आरंभ केला. बंदिवासांतून सुटलेले लोक आपल्या बेड्या आणून तिला वाहात. मंदिरांतील लोखंडी जाळ्या त्याच बेड्यांच्या लोखंडाच्या आहेत, असें परंपरा सांगते.

आजचें मंदिर अकराव्या शतकाच्या मध्यास बांधावयास घेतलें. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेची वाट येथूनच जाई, त्यामुळें द्रव्याची वाण नव्हती. मुख्य दारावर बाराव्या शतकाच्या आरंभींचें अंतिम न्यायाचें शिल्प आहे. त्यांत १२४ आकृति आहेत. जुन्या रंगांच्या खुणा अद्याप टिकून आहेत. नरकाच्या बाजूस कृपण गळ्यांत थैली बांधून लटकला आहे, गर्विष्ठ सरदार घोड्यावरून उलटा पडत आहे, आणि जाळ्यांत धर्माधिकारीहि सांपडले आहेत. मठाच्याच दारावर धर्माधिकाऱ्यांस नरकांत दाखविणाऱ्यांची निर्भीडता मान्य केली पाहिजे.

पुढें यात्रा ओसरली. १५६८ सालीं धर्मयुद्धांत मठास आग लागली. नंतर फ्रेंच राज्यक्रांति आली. मठ बंद झाला आणि चर्चमधील सोनेंरुपें जप्त करून वितळविण्यासाठीं सरकारी माणसें गांवोगांव फिरूं लागलीं. कोंकचा ठेवा मात्र त्यांच्या हातीं लागला नाहीं. गांवकऱ्यांनीं तो वांटून घेतला, आणि कोणी बागेंत पुरून तर कोणी चेस्टनट वाळविण्याच्या खोपट्यांत लपवून ठेवला. वस्तु सोन्याच्या, दिवस दुष्काळी, आणि लपविणारे गरीब शेतकरी. तरीहि वादळ शमल्यावर तो ठेवा जेथल्या तेथें परत आला. ज्या मूर्तीच्या अस्थि विश्वासघातानें आणल्या, ती मूर्ति या लोकांच्या विश्वासावर वांचली. इतिहासांत त्या साधूची कथा सविस्तर आहे. या शेतकऱ्यांची नांवें मात्र गांवाबाहेर कोणास ठाऊक नाहींत.

१८३७ सालीं ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक या नात्यानें प्रॉस्पेर मेरिमे येथें आला. 'कार्मेन'चा कर्ता तो हाच. मंदिर तेव्हां कोसळण्याच्या बेतांत होतें. असल्या ओसाड मुलखांत असलें वैभव पाहून तो थक्क झाला, आणि त्याच्याच अहवालामुळें पुढें दुरुस्तीस चालना मिळाली. १९९४ सालीं चित्रकार पिएर सुलाज यानें मंदिरास १०४ नव्या कांचेच्या खिडक्या दिल्या. त्यांत ना चित्र, ना रंग. बाहेरचा उजेड जसा बदलतो तशी कांच बदलते.

फ्रान्समधील पुष्कळ खेड्यांचे ठेवे पॅरिसच्या संग्रहालयांत गेले. कोंकचा ठेवा कोंकलाच आहे.