मोठी पिन काढल्याने हमिंग जाते, पण...

बुलढाणा जिल्ह्यात माघात गजानन महाराजांच्या प्रकटदिनाचे सप्ताह गावोगाव बसतात. मंडपात साऊंड लागला, की कीर्तनाआधी बॉक्समधून 'घूंऽऽ' येणारच, आणि या हमिंगवरचा इलाजही ठरलेला: मिक्सरच्या प्लगची मोठी पिन काढा. शेगावपासून लोणारपर्यंत या इलाजावर कुणाचं दुमत नसतं. माझं आहे.

आधी पूर्वपक्षाचं खरं ते मान्य करू. पिन काढली की आवाज बहुतेकदा बंद होतो. मिक्सर लोकांच्या मागे एका बोर्डावर, अॅम्प्लिफायर स्टेजजवळ दुसऱ्या बोर्डावर. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच, आणि दोघांना जोडते ती सिग्नल केबलची जाळी. तिच्यातून 50 हर्ट्झचा करंट फिरू लागतो, तोच बॉक्समध्ये घुमतो. पिन काढली की हे कडं तुटतं.

पण त्याचबरोबर मिक्सरच्या पत्र्याला असलेला हक्काचा अर्थही गेला. आता उरला तो केबलच्या केसासारख्या तारांच्या जाळीचा. ती केबल कुणी उपसली आणि आत फेज पत्र्याला लागला, तर तो पत्रा, त्याला जाळीने जोडलेली माईकची धातूची जाळी आणि ती धरलेला हात, सगळं 230 व्होल्टवर. कीर्तनकार अनवाणी, फरशी नुकतीच धुतलेली. ही भीती कल्पनेतली नाही: 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थ नसलेल्या माईकला हात लागून स्टेजवरच दगावला. मोठी पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवतात ती उगाच नव्हे. प्लग लावताना ती आधी लागावी, काढताना शेवटी सुटावी.

'कंपनीच दोन पिनांचा प्लग देते की,' असं उत्तर हमखास येतं. देते, पण त्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण पाहा. आतलं इन्सुलेशन दुहेरी आहे, असा तिचा अर्थ. तीन पिनांच्या उपकरणाला ही सूट नाही.

दुसरा पक्ष जरा शहाणा: साऊंडसाठी वेगळा रॉड ठोका. आपल्या काळ्या मातीत तो उन्हाळ्यात आणखी फसतो, कारण भेगाळलेली माती रॉड सोडते. समजा रॉडचा रोध 20 ओहम निघाला. फेज पत्र्याला लागला तर जाणारा करंट साडेअकरा अँपिअर. 16 चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. शिवाय दोन अर्थ झाले म्हणजे त्यांच्यात फरक आला, हमिंग परत हजर.

मग करायचं काय? कडं तोडायचं ते सिग्नलच्या बाजूला, अर्थच्या नव्हे. मिक्सर आणि अॅम्प एकाच बोर्डावरून चालवा. मिक्सर मागे असेल तर त्याची सप्लाय स्टेजवरूनच न्या. पॉवरची वायर सिग्नल केबलला चिकटून नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. कीबोर्ड किंवा लॅपटॉप लावल्यावर घुमत असेल, तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स टाका. त्यावरचं 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण सिग्नलचा अर्थ सोडवतं, प्लगच्या अर्थला हात लावत नाही. पिन तोडणारे हे दोन अर्थ एकच समजतात, तिथेच घोळ होतो.

चरचर वेगळी. ती बहुधा डिमरच्या लाईटची, आणि पिन काढून जात नाही. लाईट वेगळ्या फेजवर घ्या, केबल लांब ठेवा.

एवढं करूनही घुमलंच, तर मिक्सर ते अॅम्पच्या एक्सएलआर केबलमध्ये अॅम्पच्या टोकाला एक नंबरच्या पिनेला जोडलेली जाळी सोडवा आणि त्या केबलवर खूण करा. माईकच्या केबलला हा प्रयोग करू नका. कंडेन्सर माईकच्या 48 व्होल्टचा परतीचा रस्ता त्याच जाळीतून जातो, ती सोडली तर माईक मुका होतो.