विमानातली ती दोन-तीन मिनिटं

"विमान पडलं की सगळंच संपलं, मग त्या पट्ट्याचं आणि जाकिटाचं काय घेऊन बसलात?" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली आणि आम्हां बेलपाडा-पनवेलकरांच्या दाराशीच विमान आलं. पहिल्यांदाच विमानात बसणारे आता घरोघरी निघतील. म्हणून या समजुतीचा थोडा समाचार घ्यावा म्हटलं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २६ एप्रिल १९९३. तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान उड्डाण करतानाच धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं आणि पेटलं. विमानात ११८ माणसं होती. ५५ गेली. पण ६३ वाचली! म्हणजे 'सगळंच संपलं' हे खरं नव्हे.

विमान जमिनीवर असताना आग लागली, तर ज्वाळांइतकाच धूर घातक असतो. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक विमान आतून धुमसत असताना अमेरिकेत सिनसिनाटीजवळ सुखरूप उतरलं. आत ४६ जण होते. दारं उघडल्यावर थोड्याच वेळात आगीचा भडका उडाला आणि २३ जण आतच राहिले. धुरात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. धूर वर जमतो, माणूस खाली वाकून चालतो. म्हणून वाट दाखवणारे दिवे पायाशी हवेत, हे त्यानंतर सक्तीचं झालं. आज विमानात जमिनीलगत दिसणारी ती पट्टी अशी आली आहे.

जाकिटाचं तसंच. "विमानाच्या बाहेर पडतानाच फुगवा" असं सांगतात, ते का? २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण गेले. अनेकांनी जाकिटं आतच फुगवली होती. पाणी आत शिरलं की फुगलेलं जाकीट माणसाला छताकडे उचलतं. मग बुडी मारून दारापर्यंत जाणार कसं?

आता मास्क. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राखणारी कळ दाबायची राहून गेली. मास्क खाली आले. तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं. बहुतेक विमानांत मास्क ओढला की वरच्या छोट्या डब्यात रासायनिक क्रिया सुरू होऊन प्राणवायू येऊ लागतो. तो साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिक विमान खाली आणतो. पिशवी फुगली नाही तरी घाबरायचं नाही. मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं.

"आधी स्वतःचा, मग मुलाचा" हे मात्र आपल्या आयांना पटत नाही. लेकराला भरवल्याशिवाय घास न घेणारी आई ती! पण ३५ हजार फुटांवर शुद्ध टिकते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. आईच बेशुद्ध पडली तर लेकराला मास्क लावणार कोण?

आणि शेवटचं, सामानाचं. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले सर्व ३७९ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. लोकांनी बॅगा तिथेच सोडल्या, हे त्यामागचं एक मोठं कारण.

मंडळी, ती हवाई सुंदरी हातवारे करून सांगते, त्यातल्या बऱ्याच वाक्यांमागे कुणीतरी गेलेलं आहे. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, आपल्यापासून सर्वांत जवळचं दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे ते मोजा. आणि सोबत पहिल्यांदाच निघालेलं कुणी असेल, तर त्यालाही मोजायला सांगा.