इवल्या रणगाड्यांची मापे

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी शर्मन रणगाडा सुमारे सहा मीटर लांब होता. जमवायला म्हणून तोच शर्मन आज दोन सेंटिमीटरचा मिळतो, पावणेसात सेंटिमीटरचा मिळतो, पावणेआठचा मिळतो आणि सतरा सेंटिमीटरचाही मिळतो. खोक्यांवर 1:285, 1:87, 1:76, 1:35 अशी प्रमाणे छापलेली असतात. नव्याने या छंदात शिरणाऱ्याला प्रश्न पडतो, की शंभर किंवा पन्नास असे सुटसुटीत आकडे सोडून ही अडनिडी मापे कुणी आणि का ठरवली? उत्तर असे, की ही मापे कुणी एकत्र बसून ठरवलेलीच नाहीत. प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी नड आहे.

टेबलावर युद्ध मांडण्याची रीत रणगाड्यापेक्षा शंभर वर्षांनी जुनी. प्रशियातल्या गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसवित्झ यांनी 1812 मध्ये राजा फ्रिडरिश विल्हेल्म तिसरा याच्यासाठी युद्धखेळाचे एक टेबल तयार केले. त्यांच्या मुलाने, जो स्वतः लष्करी अधिकारी होता, 1824 मध्ये त्याचे नियम छापले. नकाशा 1:8000 प्रमाणाचा, सैन्याच्या जागी ठोकळे, नशिबासाठी फासे आणि निकाल द्यायला पंच. लष्कराने हा खेळ प्रशिक्षणासाठी उचलून धरला. त्यात मात्र बाहुले नव्हते, की तोफेची प्रतिकृती नव्हती.

ती आणली एच. जी. वेल्स यांनी. 1913 मध्ये त्यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांना नियम दिले. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ खरोखर नेम धरून झाडायची, आणि आडवा पडेल तो शिपाई मेला. याच वेल्स यांनी 1903 मध्ये चिलखती युद्धयंत्रांची कथा लिहून रणगाड्याची कल्पनाही केली होती. खरे रणगाडे सोमच्या लढाईत 15 सप्टेंबर 1916 रोजी उतरले. म्हणजे रणगाडा आणि टेबलावरचे युद्ध या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाच्या डोक्यात होत्या, पण त्यांची गाठ पडायला आणखी एक महायुद्ध जावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात लहान रणगाड्याची पहिली मोठी नड लष्करालाच लागली. धुळीत, झाडाआडून क्षणभर दिसलेला रणगाडा आपला की शत्रूचा, हे सैनिकाला ओळखता यायला हवे. चुकला तर एक तर स्वतः मरणार, नाहीतर आपल्याच माणसांना मारणार. म्हणून अमेरिकेत ओळखवर्गासाठी 1:108 प्रमाणाचे रणगाडे बनवले गेले. न्यूयॉर्कची कॉमेट ही कंपनी असे ओतीव नमुने पुरवत असे. 1:108 म्हणजे एका इंचात नऊ फूट. हा नमुना दहा मीटरवर ठेवला, की डोळ्याला तो खरा रणगाडा जवळजवळ 1,080 मीटरवरून दिसावा तेवढाच दिसतो. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रणांगणाचा एक किलोमीटर मावत होता.

युद्ध संपले, आणि इवला रणगाडा चक्क आगगाडीच्या रुळांवरून घरोघरी पोचला. युरोपात खेळण्यातल्या रेल्वेचा छंद जोरात होता. इंग्लंडमध्ये रेल्वेचे डबे फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने बनत, म्हणजे सुमारे 1:76. युरोपच्या मुख्य भूमीवर फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे 1:87. ज्यांच्या घरी आधीच गावे, पूल आणि स्टेशने मांडलेली होती, त्यांना रणगाडाही त्याच मापाचा हवा होता. एअरफिक्सने 1961 मध्ये जर्मन पँथर रणगाडा आणला तो 1:76 चा. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या रोको कंपनीने 1960 च्या सुमारास ‘मिनिटँक्स’ काढले ते 1:87 चे. ते अमेरिकेत एवढे खपले, की तिथल्या लष्करानेही प्रशिक्षणासाठी घेतले. मग 1962 मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आले. फेदरस्टोन महायुद्धात ब्रिटिश रणगाडा दळात होते. त्यांच्या पुस्तकाने हे स्वस्त प्लॅस्टिकचे रणगाडे आणि खेळाचे नियम एकत्र आणले.

ठोकळ्यावर भागत असताना प्रतिकृती कशाला, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर चिलखतात आहे. पँथरच्या पुढच्या बाजूला 80 मिलिमीटर जाडीचे तिरपे पोलाद होते, बाजूला त्याच्या जेमतेम निम्मे. शर्मनची 75 मिलिमीटरची तोफ समोरून मारा करून काही साधत नसे, पण कुशीत गाठले तर पँथर फुटत असे. टेबलावर हाच सगळा खेळ असतो. आपली पाळी आली की रणगाडा टेपने मोजून पुढे सरकवायचा, शत्रूचे तोंड कुठे आहे ते पाहायचे, अंतर मोजायचे, आणि समोरून, बाजूने की मागून मारा होतो त्याप्रमाणे फासे टाकायचे. रणगाडा कुणीकडे तोंड करून उभा आहे हे प्रतिकृतीत एका नजरेत कळते. कुंपणाआड दडवलेला आपला शर्मन पँथरच्या कुशीवर येतो, तेव्हा समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण जेवणाचे टेबल काही वाढत नाही. जर्मन टायगर रणगाड्याची 88 मिलिमीटरची तोफ दीड किलोमीटरवरून शर्मन फोडू शके. 1:76 च्या मापात हे अंतर वीस मीटर भरते. म्हणून वॉरगेमर दोन मापे पाळतात, रणगाड्याचे वेगळे आणि जमिनीचे वेगळे. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि ते कुणाला खटकत नाही. टेबलावर मात्र ही दरी डोळ्यांना सलते. ती कमी करण्यासाठी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या जीएचक्यू कंपनीने 1967 पासून 1:285 चे ओतीव रणगाडे काढले. त्या मापात दीड किलोमीटर सव्वापाच मीटरवर येतो. दोन सेंटिमीटरचा असा शर्मन रंगवणे हा हाताच्या स्थैर्याचा कस असतो. आधी हिरवा हात, मग पातळ गडद तपकिरी रंग, जो टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, कडेला आणि इंजिनावरच्या जाळीत आपोआप जाऊन बसतो, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट हिरवा. एवढे झाले, की चिमटीतला धातूचा तुकडा रणगाडा दिसू लागतो.

संग्राहकांच्या लाडक्या 1:35 मापाची कथा तर सर्वांत अनपेक्षित. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी मुळात लाकूड कापण्याचा कारखाना. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शुन्साकु तामिया यांनी मोटरवर चालणारा प्लॅस्टिकचा पँथर केला. मोटर आणि दोन बॅटऱ्या पोटात मावतील एवढा त्याचा आकार ठेवला. नंतर हिशेब केला तेव्हा प्रमाण 1:35 च्या आसपास निघाले. पँथर तुफान खपला, पुढचे रणगाडे त्याच्या शेजारी शोभावेत म्हणून तेच माप राहिले, आणि दुसऱ्या कंपन्यांनीही तेच धरले. आज बहुतेक मॉडेलांत मोटर नसते, पण त्या दोन बॅटऱ्यांनी ठरवलेले माप जगभर चालते.

मराठी छांदिष्टाला खरे माप बघायला फार लांब जावे लागत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन आणि 1965 च्या युद्धात हाती लागलेला पॅटन उभे आहेत. चर्चिलच्या बाजूला उभे राहून त्यात पाच माणसे कशी बसत असतील याचा अंदाज घ्यावा. प्रतिकृतीत पट्टे आणि खिळे मोजता येतात, पण त्या लोखंडी पेटीतली घुसमट कळायला खरा रणगाडाच लागतो.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी आपली नड ओळखावी. मोठी लढाई मांडायची असेल तर 1:285 घ्यावे, मोजक्या रणगाड्यांची चकमक हवी असेल तर 1:76 पुरे, आणि एकच रणगाडा महिनाभर घडवायचा असेल तर 1:35. एकदा माप ठरले की संग्रह त्याच मापात वाढवावा, आणि घेतलेल्या प्रत्येक रणगाड्याची लढाई, तिथली जमीन आणि आतली माणसे यांच्याबद्दल वाचावे. लष्कराच्या वर्गात हा इवला रणगाडा शिरला तो खऱ्या युद्धात माणूस चुकू नये म्हणून. आपल्या टेबलावरही त्याने युद्ध समजावूनच द्यायला हवे.